वरवंट्याचं वजन

गुरुत्वाकर्षणावर संशय धरून बसलेला माणूस अख्ख्या पोलादपूर तालुक्यात एकच, आणि तो माझ्या वाट्याला भावोजी म्हणून आला. वास्तविक त्यांनी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेलं, महाडच्या शाळेत तीस वर्षं मुलांकडून न्यूटनचे नियम घोकून घेतलेले. पण कशेडी घाटाच्या पायथ्याला, आपल्या घरी पोचले की न्यूटन चपलांबरोबर बाहेरच राहायचा. पानात मोदक पडला की तो हातात फिरवत चौथी मिती समजावत म्हणायचे, "आपण पारीवर फिरणाऱ्या मुंग्या. आत सारण आहे हे आपल्याला कळणार कसं?" ताई म्हणायची, "मोदक निवतोय, आधी खा." एकदा बाजारातून आणलेला तांदूळ घरी पंधरा ग्रॅम कमी भरला. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याच्यावर आळ न घेता भावोजींनी त्याला समजावलं की वजनाचा थोडा अंश चौथ्या मितीत झिरपत असावा. तो म्हणाला, "सर, मग उरलेला तिकडनंच मागवा." हे उत्तर भावोजी पुढे वर्षभर कौतुकानं सगळ्यांना सांगत होते.

तीन वर्षांपूर्वी ताई विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली आणि गेली. भावोजी रडले नाहीत. तेराव्याच्या दिवशी मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "ती पडली नाही रे, ओढली गेली." त्यांचा तर्क असा, की प्रकाश, आवाज, वीज हे सगळं आपल्या तीन मितींत अडकलेलं आहे; पलीकडे जाऊ-येऊ शकतं ते फक्त गुरुत्वाकर्षण. तेव्हा ताईला काही कळवायचं असलं तर ती वजनातूनच कळवणार. म्हणून रोज सकाळी सहा वाजता ते तिचा वरवंटा इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवत. घाटातल्या ट्रकांनी जमीन हादरते म्हणून तीनतीनदा मोजत. बोगदा झाला आणि वाहनं तिकडे वळली, तेव्हा या माणसानं आळीभर पेढे वाटले. पण वहीत रोज तोच आकडा उतरायचा. शेजारच्या काकूंनी एकदा मला रस्त्यातच थांबवलं. "सर जेवत नाय रे. दगड मोजायचा नि कपालाला हात लावून बसायचं. असा किती दिस जगंल मानूस?"

मला ते बघवेना. भाऊबीजेला, ताई नसतानाही मी गेलो होतो. भावोजी अंगणात होते तेवढ्यात चिमूटभर कणीक भिजवली आणि वरवंट्याच्या टोकाचा टवका उडाला होता, त्या खळग्यात दाबून बसवली; रंग कळू नये म्हणून वरून राख चोळली. संध्याकाळच्या एसटीनं महाडला परत आलो. सकाळी फोन वाजला. भावोजी होते. "वाढलंय. चार ग्रॅम वाढलंय." त्या दिवशी ते पोटभर जेवले, असं काकूंनी कळवलं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

पाचव्या दिवशी ते महाडला माझ्या दारात उभे. हातात आलेखाचा कागद. शास्त्र शिकलेला माणूस, हर्षवायू झाला तरी नोंदी सोडणार नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वजन रोज थोडं थोडं उतरत चाललं होतं. कागद माझ्यापुढे ठेवून ते शांतपणे म्हणाले, "पलीकडून आलेलं काही असं वाळत नाही. कणीक होती ना?" मी हो म्हणालो. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी मागितलं, पेलाभर प्यायले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

तेव्हापासून त्यांनी वरवंटा मोजलेला नाही. वही बंद झाली, मोदकावरची प्रवचनंही बंद झाली. मी पाया पडलो, ताईची शपथ घेतली, की पुन्हा हात लावणार नाही, तुम्ही मोजा. ते म्हणाले, "माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण उद्या खरंच वाढलं ना, तर मला आधी तू आठवशील. ती नाही."

हल्ली पोलादपूरला गेलो की ते आंघोळीला गेलेले बघून मीच वरवंटा काट्यावर ठेवतो. वजन तेवढंच भरतं. मला मितीबिती काही कळत नाही, तरी दर वेळी ठेवतो. आणि समजा एखाद्या दिवशी खरंच वाढलं, तर ते त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू?