गुडघ्याखालची उशी

रानशेतची आया कुठल्याच पेशंटला "कसं वाटतंय?" असं विचारत नसे. ती विचारी, "कुठपर्यंत गेलीस?" खाटेच्या कडेपर्यंत, दारापर्यंत की मोरीपर्यंत, एवढंच तिला ऐकायचं असे. डहाणूच्या त्या दवाखान्यात मी नर्स होते, रीतसर शिकून, परीक्षा देऊन झालेली. तिला सही करता येत नव्हती. तरी वॉर्डातल्या बायका तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसत. ते मला फार खुपायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

"दुखणं बसलेल्याच्याच मांडीवर बसतं," असं ती म्हणे आणि ऑपरेशन झालेल्या बाईला तिसऱ्या दिवशी उभी करी. बाई तिला शिव्या घालायची आणि घरी जाताना तिच्याच गळ्यात पडायची. माझा निरोप घ्यायचं कुणाला आठवत नसे.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं असेल. नरपडला विहिरीवर घसरून माझी आई पडली. गुडघ्यात हाडाचा तुकडा अडकला होता, तो आमच्याच दवाखान्यात ऑपरेशन करून काढला. पाय लवकर हलवा, नाहीतर सांधा धरेल, असं डॉक्टरांनी मला बजावलं. इतर बायकांना मीही हेच सांगत आले होते. पण पाय वाकवताना आईने ओठ चावला आणि मी थांबले. मी गुडघ्याखाली उशी दिली. तिला बरं वाटलं, मलाही. सकाळी आयाने उशी काढली. दुपारी मी परत ठेवली. चार-पाच दिवस आमचं हेच चाललं, एकमेकींशी एक अक्षर न बोलता.

मग एकदा पाहते तर व्हरांड्यात आई आयाच्या गळ्यात हात टाकून पावलं टाकतेय. डोळ्यांतून पाणी, तोंडात शिव्या, आणि दोघी हसतायत. माझ्यापुढे आई कधी विव्हळलीसुद्धा नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच मेट्रनकडे गेले, ही पेशंटवर जबरदस्ती करते असं सांगितलं आणि आयाला पुरुषांच्या वॉर्डात धाडायला लावलं.

आता आई पूर्ण माझी होती. आठवडाभर उशीवर पाय ठेवून पडून राहिली. गुडघ्याचं लाकूड झालं. चादर लागली तरी तिला कळ येई. ही आता चुलीपुढे कधी बसेल का, एवढंच माझ्या मनात घोळू लागलं. एवढं दुखतंय तर मला का सांगत नाहीस, म्हणून मी तिच्यावरच चिडले.

"तुला दुखतं म्हटलं की तू थांबतेस," आई म्हणाली. "ती थांबत नाही. म्हणून तिच्यापुढं रडता येतं गो."

मी मान खाली घालून पुरुषांच्या वॉर्डात गेले आणि केलेलं सगळं आयाला सांगून टाकलं. ती आली, आईच्या पायाखालची उशी ओढली आणि माझ्या हातात दिली.

"ही तूच घे बाय. तुलाच जास्त दुखतंय."

त्या दिवशी आईने वॉर्ड डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी जरा कमी ओरडली. दीड-दोन महिन्यांनी ती नरपडच्या घरी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती.

पुढे आया थकली, गावी गेली. दर दिवाळीत आई चिकूंची पिशवी घेऊन एसटीने रानशेतला जायची, फाट्यापासून तिच्या पाड्यापर्यंत चालत. माझी खोली डहाणूतच, दुसऱ्या मजल्यावर. तिथे यायचं म्हटलं की मात्र तिचा गुडघा कुरकुरायचा. मी जळायचे, दुसरं काय करणार.

एका सकाळी दार उघडलं तर आई, दोन जिने चढून आलेली. आया गेल्याचा निरोप पाड्यावरून आला होता. आई माझ्या खाटेवर बसली आणि हमसाहमशी रडायला लागली. जन्मात पहिल्यांदा माझ्यापुढे रडली, तेही आयासाठी. मी तिला थांबवलं नाही.