अडकलं की मुरतं

वेस्ट बँकमधल्या एका तपासणी नाक्यावर आमची गाडी खोळंबली होती आणि मी घड्याळ बघून चरफडत होते. शेजारी उम्म खलील, म्हणजे खलीलची आई, मांडीवर बरण्यांची पेटी घेऊन निवांत बसल्या होत्या. बरण्यांत अक्रोड, लसूण, मिरची भरून तेलात बुडवलेली इवलीशी वांगी होती. तिथे त्यांना मकदूस म्हणतात. गावातल्या बायका मिळून ती करतात आणि उम्म खलील ती शहरात नेऊन विकतात.

"माल अडकल्याची काळजी नाही वाटत?" मी मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं.

"अगं, आधी आम्ही ताजं चीज विकायचो. इथे उन्हात थांबून थांबून ते पार आंबायचं. मग सगळ्याजणींनी ठरवलं, अडवलं की चवीला चढेल असंच काहीतरी विकायचं." त्यांनी बाहेरच्या सैनिकाकडे हनुवटी उडवली. "त्याला वाटतं, मला अडवलंय. तो तर आमच्याकडे बिनपगारी कामाला आहे!"

मला आमच्या घरची कैरीच्या लोणच्याची बरणी आठवली. 'मुरू दे जरा' असं आई म्हणायची आणि मी त्याच रात्री बोट घालायचे. माझा स्वभावच दुधाचा, जरा उशीर झाला की नासणारा.

तेवढ्यात सैनिकाने हात हलवला, गाडी सुटली. पेटीवर आवळून धरलेली बोटं उम्म खलीलनी एकेक करून सैल केली. मग माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

"सोडलंसुद्धा? कच्ची ठेवली मेल्याने."