प्रकरणं वाटून टाकणारे सर

आमच्या सरांनी चार जणांना पीएच.डी. मिळवून दिली आणि स्वतः शेवटपर्यंत नुसते प्राध्यापक राहिले. कागदोपत्री त्या चौघांपैकी एकही त्यांचा विद्यार्थी नव्हता. मार्गदर्शक व्हायला आधी स्वतःची पीएच.डी. लागते, आणि ती सरांनी केली नव्हती. केली नव्हती म्हणणंही तसं बरोबर नाही. केली होती आणि वाटून टाकली होती.

मी बी.कॉम.ला त्यांच्याकडे मराठी शिकलो. पुढे शहराच्या सदर भागातल्या एका विमा कचेरीत लागलो आणि त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलं. सर भिवापूरकडचे, मिरची लावणाऱ्या घरातले. वर्गात त्यांची भाषा अगदी पुस्तकातली असे. ती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ते घरात शिरत. मला जिन्यात गाठून विचारत, "काहून गा मधू, आज उशीर केला?"

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि तिथे दंडार, खडीगंमत असली लोकनाट्यं होतात. तोच सरांचा विषय. दरवर्षी रजा टाकून ते एस.टी.नं निघत, शाहिरांसमोर मातीत बसून गाणी उतरवून घेत आणि घसा बसवून परत येत, कारण उतरवता उतरवता तेही गात. वर्गात लय समजावताना त्यांची बोटं टेबलावर डफ वाजवू लागत. पोरं हसली की म्हणत, "हसा. ज्यांनी या चाली बांधल्या, ते हसवायलाच उभे राहत होते."

प्रबंधाची पाच प्रकरणं ठरली होती. पहिलं गेलं ते मेश्रामकडे. मेश्राम त्यांचा एम.ए.चा विद्यार्थी, घरातला पहिला शिकलेला. त्याला संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती, पण विषय ठरत नव्हता, आणि मुदतीत विषय गेला नाही तर शिष्यवृत्तीही जाणार होती. एका रविवारी तो ओसरीवर मान खाली घालून बसला होता. सर आत गेले, दंडारीवरची सगळी टिपणं आणली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"हे घे. तुह्या गावची दंडार हाय. तुले माह्यापेक्षा जास्त समजन."

तो गेल्यावर मी स्पष्टच म्हणालो, "सर, हे तुमचं सगळ्यात मोठं प्रकरण होतं. याच्याशिवाय प्रबंध उभा कसा राहील?"

"मले नोकरी हाय गा. त्याले नाही."

एकदा वाट पडली की माणसं येतात. कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाची नोकरी कच्ची, कुणाच्या घरी आजारपण. सरांना अडलेलं माणूस पाहवत नसे. आणखी तीन प्रकरणं गेली. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, ताटं वाढता वाढता बोलत, "लोकाईच्या पोरी उजवून राहिले. घरची बसली तशीच." रोख सरांच्या स्वतःच्या पीएच.डी.वर असे. सर हसून म्हणत, "तिलेही पाहू वं, घाई काय हाय?"

घाई होती. नियम बदलला आणि विभागप्रमुखाला पीएच.डी. लागू लागली. सरांना खुर्चीची हौस नव्हती, पण प्रमुख झाल्यावर मंडईतल्या शाहिरांना कॉलेजात आणून वर्गापुढे उभं करायचं, हे त्यांच्या मनात फार वर्षं होतं. सेवाज्येष्ठता त्यांची होती. नेमणूक मात्र, तोवर त्याच विभागात शिकवायला लागलेल्या मेश्रामची झाली.

मेश्राम पेढे घेऊन आला आणि खाली सतरंजीवर बसला. सर म्हणाले, "वर बस गा. उद्यापासून मलेच तुह्याकडं रजा मागा लागते." आणि खरोखरच त्यांनी पहिला रजेचा अर्ज रीतसर, 'माननीय विभागप्रमुख यांस' असा दिला. मेश्राम बराच वेळ पेन हातात धरून बसला आणि शेवटी त्यानं शेरा मारला, 'सरांना नमस्कार. मंजूर.' सर ही गोष्ट हसत हसत सांगत. काकू ती ऐकायला थांबत नसत.

निवृत्त झाल्यावर एकच प्रकरण उरलं होतं, खडीगंमतीचं. तेवढ्यावरच नवा प्रबंध करायचा, असं ठरवून ते उत्साहानं मंडईला निघाले आणि चार दिवसांत परतले. घसा बसलेला नव्हता.

"ज्याईले विचाराचं होतं ते नाही राहिले," ते म्हणाले. "पोरं आता सिनेमाच्या चालीवर नाचून राहिले."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. दोनच वर्षांनी ते गेले.

वर्तमानपत्रात निधनाची बातमी आली, त्यात त्यांच्या नावाआधी 'डॉ.' छापलं होतं. काकूंनी अंक माझ्यापुढे धरला. "मधू, हे दुरुस्त करून आण. त्याईले नसतं चाललं." बातमी मेश्रामनं दिली होती, म्हणून मी आधी त्याच्याकडे गेलो. छापणाऱ्याची चूक झाली असेल, असं मी म्हणालो.

"चूक नाही, मधूभाऊ. मीच लिहून देलं," मेश्राम म्हणाला. "माह्या नावामागं लागलं ते कोणाचं हाय, हे मले माहीत हाय ना. एक दिवस त्याईच्या नावामागं लागलं तं कोणाचं काय गेलं?"

आयुष्यभर कचेरीत मी बरोबर काय आणि चूक काय हेच तपासत आलो; इथे ते सोडून दिलं. काकूंचा निरोप तेवढा सांगितला. मग कागद ओढून त्यानं स्वतःच दुरुस्ती लिहिली, की कालच्या बातमीत ज्यांचा उल्लेख डॉक्टर असा झाला, ते डॉक्टर नव्हते. खाली सही केली आणि कागद माझ्याकडे न देता हातातच धरून ठेवला.

"वर्तमानपत्रात तुम्हीच नेऊन द्या, मधूभाऊ," तो म्हणाला. "माह्यानं नाही होत."