आल्विन पोस्पिश आपल्याच गोलात मारायचा

आल्विन पोस्पिश जर्मनीतल्या आमच्या ब्राउकहाउझन गावच्या संघात मधला बचावपटू होता आणि मी, हुबर्ट, त्याच्या मागे गोलकीपर. म्हणजे त्याची कारकीर्द जितकी जवळून मी पाहिली, तितकी त्याच्या बायकोनंही पाहिली नाही. हेडे मैदानावर यायचीच नाही.

युद्ध संपून सात-आठ वर्षं झाली होती. आम्ही दोघं एकाच कोळशाच्या खाणीत, एकाच पाळीत. फुटबॉल खेळतो म्हणून क्लबनं आम्हाला खाणीच्या वर, कामगारांचे दिवे ठेवायच्या खोलीत हलकं काम मिळवून दिलं होतं. आल्विन अंगानं कपाटासारखा, बोलायला कंजूस. त्याच्या अंगावरून पुढे जाणारा फॉरवर्ड आमच्या भागात नव्हता. डोक्यानं चेंडू असा उडवायचा की तो अर्ध्या मैदानापलीकडे जाऊन पडे.

त्या शरदात एका कॉर्नरवर त्यानं तसाच चेंडू उडवला, फक्त दिशा चुकली. चेंडू माझ्या कानाजवळून आमच्याच जाळ्यात. आम्ही पिछाडीवर पडलो, चिडलो, आणि दोन गोल करून जिंकलो. काही आठवड्यांनी चिखलात त्यानं मला पास दिला, मी घसरलो, पुन्हा आमच्याच जाळ्यात. तोही सामना जिंकलो. तिसऱ्या वेळी तो वाकून बुटाची नाडी बांधत होता. आमच्याच माणसानं मारलेला चेंडू त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला आपटला आणि आत गेला. त्या दिवशी तर आम्ही दणदणीत जिंकलो. आल्विन नीट खेळला की मात्र हरायचो.

आधी दारूच्या गुत्त्यात थट्टा सुरू झाली. मग थट्टा करणारे गंभीर झाले. शेवटी क्लबचे अध्यक्ष ब्रिंकशुल्टे, जे धंद्यानं खाटीक होते, त्यांनी आल्विनला आणि मला दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं. प्रशिक्षक लॉटरमान आधीच तिथे बसले होते. पुढ्यात गरम सॉसेजचं ताट.

"पोस्पिश, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण रविवारी जरा लवकर उरकून घे. पहिल्या अर्ध्या तासातच."

आल्विननं हातातलं सॉसेज खाली ठेवलं. "मुद्दाम नाही मारणार, ब्रिंकशुल्टेसाहेब. चुकून झाला तर झाला."

त्याला कुणी हलवू शकलं नाही. अध्यक्षांनी पाद्रीबाबांना मध्ये घातलं. पाद्रीबाबांनी रविवारी कुणाशी सामना आहे ते विचारलं आणि म्हणाले की मुद्दाम मारणं हा खोटेपणाच, पण माणसाला चुका करायला भरपूर संधी देण्यात पाप नाही. मग लॉटरमाननी तीच संधी द्यायला सुरुवात केली. आल्विनच्या बुटाला साबण लावला. सरावात त्याला आमच्याच गोलकडे तोंड करून उभं केलं. मी विचारलं, मग मी काय करायचं? ते म्हणाले, "तू तुझं काम इमानदारीत कर, हुबर्ट. फक्त त्यात जीव ओतू नकोस."

मी जीव ओतायचो. काय करणार, हात आपोआप जातात. एकदा आल्विनच्या डोक्याला लागून आलेला चेंडू मी उडी मारून बाहेर ढकलला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर बचाव, आणि आमच्याच लोकांनी मला हिणवत शिट्ट्या मारल्या. त्या दिवशी हरलो. दुसऱ्या दिवशी पाववाल्या बाईनं मला शिळा पाव दिला.

हेडेचं वेगळंच. ती म्हणायची, "घरी तरी बरोबर दारातून येतोस, एवढं पुरे." आल्विन हसायचा नाही. तो खंगत चालला होता. खाणीत लोक त्याची पाठ थोपटायचे, रविवारी नक्की मार म्हणायचे, आणि त्याला आदल्या दिवसापासून जेवण जात नसे.

वसंतात शेवटचा सामना आला. जिंकलो तर वरच्या गटात टिकणार, नाही तर खाली. समोरचा संघ पलीकडच्या शहरातला, आणि त्यांच्या कानावर सगळं गेलेलं. सामना सुरू होताच त्यांचे दोन उत्तम फॉरवर्ड येऊन माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. गोल करायला नव्हे, आल्विनचा गोल अडवायला. थोड्याच वेळात साबण लावलेल्या बुटावरून चेंडू खरंच घसरला आणि आमच्या गोलकडे आला. मी चुकलो. त्यांच्या सेंटर फॉरवर्डनं आडवं झोकून देऊन तो रेषेवरून बाहेर काढला. आमचे प्रेक्षक त्याला शिव्या द्यायला लागले. रेफ्रीनं बराच विचार केला, पण यात नियमाविरुद्ध काय आहे हे त्याला सांगता येईना.

उत्तरार्धातही तेच. त्यांच्याकडे हल्ला करायला कुणी उरलं नव्हतं आणि आमचे सगळे मागे वळून आल्विनकडे बघत उभे. शेवटी आल्विनचं डोकं फिरलं. त्यानं चेंडू घेतला आणि उलट्या दिशेनं, म्हणजे सुलट्या दिशेनं, चालायला लागला. अर्ध्या मैदानाची रेषा त्यानं त्याआधी ओलांडलेली मला आठवत नाही. त्यांच्या बचावपटूंना वाटलं, बिचारा वाट चुकला. एकानं तर हात करून त्याला आमचा गोल कुठे आहे ते दाखवलं. आल्विन त्याच्या बाजूनं पुढे गेला आणि वीस पावलांवरून चेंडू मारला. वरच्या कोपऱ्यात. असा फटका मी पुन्हा पाहिला नाही.

आल्विन त्यांच्या जाळ्यात गेला, चेंडू बाहेर काढला, शर्टाला पुसला आणि त्यांच्या गोलकीपरच्या हातात देऊन म्हणाला, "माफ कर." सवय होती त्याला. माझी तो दर वेळी तशीच माफी मागायचा.

आम्ही एका गोलनं जिंकलो आणि टिकलो. पण लोक अंत्ययात्रेतून परतावेत तसे घरी गेले. अध्यक्षांनी रात्रीच्या जेवणात सगळ्यांच्या नावानं ग्लास उचलला, मैदानावर चुन्याच्या रेषा आखणाऱ्याच्याही. आल्विनचं नाव घेतलं नाही. पुढच्या मोसमात त्यानं आमच्या गोलात एकही मारला नाही, आणि आम्ही तळाला गेलो. "वाया घालवलीस," लॉटरमान त्याला म्हणाले. काय वाया घालवलं, ते ना त्यानं विचारलं ना त्यांनी सांगितलं.

क्लबनं त्याला सोडलं. हेडेच्या भावाच्या गावी, मुन्स्टरकडे, एक छोटा संघ होता. मैदानावर आठवडाभर गाई चरायच्या. आल्विन तिथे दोन वर्षं फॉरवर्ड म्हणून खेळला आणि त्याला एकही गोल करता आला नाही. मी एकदा भेटायला गेलो. अंगानं भरला होता, बटाट्याची कोशिंबीर दोनदा वाढून घेतली.

मी विचारलं, कसं चाललंय?

"झकास," तो म्हणाला. "इथे चुकलो की शिव्या देतात. अगदी आईवरून. फार बरं वाटतं, हुबर्ट."