चौदाव्या क्रमांकाचा अर्ज

रत्नागिरीपासून अर्ध्या तासावर खाडीकाठी एक छोटी नगरपालिका आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांतलं वाईट एकही नाही. खरी अडचण तीच आहे.

या पालिकेत देवदत्त मयेकर एकतीस वर्षं सभा कारकून होते. विषयपत्रिका काढायची, सभेत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून कोण काय बोललं ते टिपायचं आणि मागाहून इतिवृत्त लिहायचं, हे त्यांचं काम. बोलायचं मात्र नाही. एकतीस वर्षांत ते त्या सभागृहात एक शब्द बोलले नव्हते. नगराध्यक्ष आले, गेले, एकदा तर खुर्चीही भिरकावली गेली. देवदत्तांनी 'विषयावर चर्चा झाली' एवढंच लिहिलं.

पण सभेची किल्ली होती त्यांच्याच हातात. सभा अकराची म्हणून बाराला सुरू होणार. दीड वाजला की सदस्यांना घरचा भात आणि तळलेला बांगडा दिसू लागणार. तोवर आठ, फार तर नऊ विषय व्हायचे. मग एकेक जण मागच्या दारानं सटकायचा, गणपूर्ती संपायची आणि उरलेले विषय 'पुढील सभेपर्यंत तहकूब'. म्हणजे नवव्या क्रमांकाच्या खाली गेलेला विषय मेलाच म्हणायचा. क्रम लावायचे देवदत्त. वर सही करणारे क्रमाकडे बघतसुद्धा नसत. ही गोष्ट ठाऊक होती दोघांनाच, त्यांना आणि त्यांच्या बायकोला.

त्या मालिनीबाई. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. निम्मी पालिका त्यांच्या हाताखालून गेलेली. नगराध्यक्ष उन्मेष सुर्वे यांना पाढे त्यांनीच शिकवले, आणि सतराचा अजून येत नाही हे त्या चारचौघांत सांगायच्या. वय झालं तरी सायकल सुटली नव्हती. गुडघे चालायला कुरकुरत, सायकलवर बसलं की गप्प बसत.

गावातल्या एस.टी. स्टँडपासून हायस्कूलपर्यंतच्या रस्त्यावरून चिऱ्यांचे डंपर धावू लागले होते. रस्त्याला पदपथ नाही, कडेचं गटार उघडं, आणि शाळेच्या मुली सायकली घेऊन त्याच चिंचोळ्या जागेतून जीव मुठीत धरून जायच्या. मालिनीबाईंनी अर्ज लिहिला. गटारावर लाद्या टाका, त्याचाच पदपथ होईल, आणि सायकलींसाठी एक पट्टा आखून द्या. खाली एकशे बारा मुलींच्या सह्या घेतल्या आणि अर्ज नवऱ्याच्या हातात ठेवला.

"वर घ्या हां हा," त्या म्हणाल्या. "बांगड्याच्या आधी."

देवदत्तांनी तो चौदावा घातला.

का, तर घरच्या अर्जाला वरचा नंबर दिला असं उद्या कुणी म्हणू नये. भावाचा नळ, मेव्हण्याचा परवाना, सगळं त्यांनी असंच तळाशी ठेवलं होतं. तो त्यांचा अभिमान होता. असल्या अभिमानाला काय म्हणावं मला कळत नाही. राग येतो, एवढं खरं.

सप्टेंबरात तहकूब. ऑक्टोबरात तहकूब. नोव्हेंबरात विषय कसाबसा निघाला आणि दहा मिनिटं चर्चाही झाली. आता सायकल चालवतंय कोण, असं एकानं विचारलं. दुसऱ्याला कडेच्या टपऱ्यांची काळजी पडली. डंपरखाली लाद्या टिकतील का, अशी शंका तिसऱ्यानं काढली. तेवढ्यात माणसं कमी पडली. घरी मालिनीबाईंनी फक्त नंबर विचारला. चौदा, असं देवदत्तांनी सांगितलं. त्यांनी नवऱ्याच्या ताटात भात वाढला आणि पुढच्या खेपेला तरी बघा, म्हणाल्या.

त्यानंतर आठच दिवसांनी त्या हायस्कूलकडून सायकलवर येत होत्या. मागून डंपर आला. त्या उतरून कडेला झाल्या. कडेला गटार होतं. रत्नागिरीला इस्पितळात नेलं, तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तेरावं उरकून देवदत्त कामावर आले. डिसेंबरअखेर मंडळाची मुदत संपत होती. मग प्रशासक, आणि निवडणूक कधी ते देव जाणे. म्हणजे उरली होती ती एकच सभा. देवदत्तांनी विषयपत्रिका काढली आणि जन्मात पहिल्यांदा घरचा अर्ज वर घेतला. विषय क्रमांक एक.

त्या दिवशी सगळे सदस्य अकराच्या ठोक्याला हजर. तेराव्याला आलेल्या प्रत्येकानं विषय मंजूर करतो म्हणून शब्द दिला होता. पाच मिनिटांचं काम.

उन्मेष उभे राहिले. पहिल्या विषयाच्या आधी दुखवट्याचा ठराव येतो, त्याला क्रमांक लागत नाही. देवदत्तांनी असे कितीतरी ठराव लिहिले होते, पण हा मालिनीचा असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. उन्मेष बोलता बोलता रडले. बाईंनी आपल्याला माणूस केलं, म्हणाले. दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले. मग रिवाजाप्रमाणे उन्मेष म्हणाले, "बाईंचा मान म्हणून आजची सभा इथेच तहकूब करू या."

कोपऱ्यातून आवाज आला, "साहेब, तहकूब नको. विषय घ्या."

कुणाला आधी कळेचना कोण बोललं. देवदत्त उभे होते. "बसा सगळे. विषय घ्या," ते पुन्हा म्हणाले.

दोघांनी येऊन त्यांना धरून खाली बसवलं. कुणी पाणी दिलं. उन्मेषनी त्यांचे हात हातात घेतले आणि भाऊ, आज कामात कुणाचाच जीव नाही, असं समजावलं. ते खोटं नव्हतं. डोळे पुसत पुसतच सगळे बाहेर पडले.

शिपाई कमलाबाई ग्लास गोळा करायला आल्या तेव्हा देवदत्त लिहीत होते. "घरी जावा ओ भाऊ," त्या म्हणाल्या. "उद्या लिवा काय ता."

देवदत्तांनी मान वर केली नाही. "तीनदा मी तिला खाली ठेवलं, कमलाबाई. आज वर घेतलं, तर तीच आडवी आली."

देवदत्तांनी इतिवृत्त पुरं केलं. दुखवट्याचा ठराव सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक एक, तहकूब.