बर्फाच्या पेटीतलं औषध

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, भंडाऱ्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या वडिलांच्या केसपेपरवर डाव्या डोळ्यासमोर ‘प्रकाशाची जाणीव नाही’ अशी नोंद झाली. त्याच कागदावर उजव्या डोळ्याचं प्रेशर अडतीस लिहिलं होतं. एकवीसपर्यंतचं साधारण धरतात. डाव्या डोळ्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. उजव्यात किती उरलं आहे, हे त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं नाही.

वडील तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. आमचं गाव पवनी तालुक्यात, आसगावच्या पलीकडे. गावाला मोठा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आहे आणि त्यातली मासेमारी आम्हा ढिवरांच्या सोसायटीकडे आहे. वडिलांनी त्या तलावावर चाळीस वर्षं काढली. मी भंडाऱ्यात राहून एका दैनिकासाठी बातम्या लिहितो. पुढचं काही मी स्वतः पाहिलं. बाकीचं आईला आणि तलावावरच्या माणसांना नंतर विचारून घेतलं.

सुरुवात आईच्या मोतीबिंदूपासून झाली. त्या वर्षी माघात पवनीला डोळ्यांचं शिबिर होतं. वडील आईचा हात धरून गेले होते, तपासून घ्यायला नाही. रांगेत बसल्या बसल्या तिथल्या मुलीने त्यांचंही प्रेशर मोजलं. डावा चौतीस, उजवा एकोणतीस. तिने दुसऱ्यांदा मोजलं. आकडे तेच आले. त्यांना भंडाऱ्याला पाठवलं गेलं.

तिथे डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्याच्या आत पाणी साचून दाब वाढतो, मागची नस दबते, नजर कडेकडून जायला लागते, मधली शेवटपर्यंत राहते. डाव्या डोळ्याची नस बरीच गेली आहे. गेलेलं परत येत नाही. आहे ते राखायचं. रोज झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब.

वडिलांनी विचारलं, किती दिवस टाकायचं.

“कायमचं,” डॉक्टर म्हणाले.

वडिलांनी बाटली हातात घेऊन पाहिली. “बाटली त बोटायेवढी हाय,” ते म्हणाले. डॉक्टर हसले. मीही हसलो. दर महिन्याला नवी बाटली लागेल, ती मी आणीन, असं ठरलं. केसपेपर माझ्याकडे राहिला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: औषध थंड जागेत ठेवा, न फोडलेली बाटली फ्रीजमध्ये. ती मी घरी समजावून सांगितली. आमच्या घरी फ्रीज नाही. पण बर्फ रोज असतो. तलावावरून आलेले मासे पवनीच्या बाजाराला जाईपर्यंत पडवीतल्या थर्माकोलच्या पेटीत बर्फावर असतात. वडिलांनी बाटली त्या पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवली. आईचं ऑपरेशन झालं होतं. शिबिरातून तिला थेंबांच्या दोन बाटल्या मिळाल्या होत्या, दीड महिना टाकून बंद करायच्या. त्या बाटल्यांना थंडाव्याची गरज नव्हती. पण डोळ्याचं औषध पेटीत ठेवायचं असतं, असं घरात ठरून गेलं होतं, म्हणून तिनेही आपल्या बाटल्या तिथेच ठेवल्या.

बर्फाच्या पाण्यात लेबलं आठवडाभर टिकली. नंतर सगळ्या बाटल्या सारख्याच, पांढऱ्या, पांढऱ्या झाकणाच्या. आईने वडिलांच्या बाटलीच्या गळ्याला जाळं विणायचा हिरवा दोरा बांधला. दोऱ्याची वडिलांची, बिनदोऱ्याची आपली. ही खूण चार महिने नीट चालली. महिना संपला की मी नवी बाटली आणायचो, वडील दोरा जुन्यावरून सोडून नव्याला बांधायचे. कधी मी येणार नसलो तर एक जास्तीची ठेवून जायचो. मे महिन्यात प्रेशर मोजलं तेव्हा डावा एकोणीस, उजवा अठरा होता. डॉक्टरांनी पुढची तारीख ऑगस्टची दिली.

या औषधाने वडिलांचे डोळे लाल व्हायचे. डॉक्टरांनी ते आधी सांगितलं होतं आणि त्यात काळजीचं नाही, असंही सांगितलं होतं. पण वडील दारूला शिवत नाहीत, हे तलावावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि आता रोज पहाटे त्यांना लाल डोळ्यांनी येताना पाहून चेष्टा सुरू झाली.

“काय गा भाऊ, रातची उतरली नाई का अजून?”

वडील पहिल्या काही दिवसांत हसले. मग डोळ्यावर टोपी ओढून येऊ लागले.

जूनच्या शेवटी त्यांची बाटली संपली. मी त्या आठवड्यात तुमसरकडे कामात होतो. गावाला गेलो नाही. वडिलांनी पेटीत हात घातला. बर्फाखाली एक भरलेली बाटली होती. मी जास्तीची ठेवली असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी संपलेल्या बाटलीचा दोरा सोडला आणि तिला बांधला.

ती आईची होती. दीड महिन्यात तिची एकच बाटली संपली होती. दुसरी तशीच राहिली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची सूज उतरवायचं ते स्टेरॉइडचं औषध होतं. ते डोळ्याला गार लागतं, लाली घालवतं. काही माणसांत ते डोळ्याचं प्रेशर चढवतं. काचबिंदूच्या माणसात ते होण्याची भीती जास्त.

आठवड्याभरात वडिलांच्या डोळ्यांची लाली गेली. जळजळ थांबली. त्यांनी फोनवर मला सांगितलं की औषध आता कुठे लागू पडलं. पुढच्या वेळी त्यांनी सांगितलं की मी बाटली आणायची गरज नाही, शेजारची काकी दर दोन दिवसांनी मासे घेऊन पवनीला जाते, ती आणून देईल. मी बरं म्हणालो. कोणत्या कागदावर आणणार, हे मी विचारलं नाही. घरात कार्ड एकच होतं, आईचं, शिबिराचं, आणि त्यावर तिच्या थेंबांचं नाव ठळक अक्षरात छापलेलं होतं. काकीने ते दाखवलं. दुकानातून बाटली मिळाली. घरी आल्यावर ती पेटीत गेली, दोरा तिला बांधला गेला आणि दोन-चार दिवसांत लेबल बर्फाच्या पाण्यात निघून गेलं.

आईला मी नंतर विचारलं, की तुझ्या लक्षात कसं आलं नाही. ती एवढंच म्हणाली, “दोरा बांधला होता ना. मंग मी काहून इचारू?”

ऑगस्टच्या तारखेला वडील आले नाहीत. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, काम होतं, शिवाय डोळ्यांना काहीच त्रास नव्हता. जाळ्याच्या सुईत दोरा ते पहिल्या झटक्यात ओवत होते. ज्याने विचारलं त्याला त्यांनी ते करून दाखवलं.

याच काळातल्या गोष्टी मी माणसांकडून वेगवेगळ्या ऐकल्या. तेव्हा कोणी त्या एकत्र ठेवल्या नव्हत्या. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप ते दोनदा सांडून बसले. पाळीवरून येताना डाव्या बाजूच्या बाभळीला खांदा लागून शर्ट फाटला. डोंगा काठाला लावताना त्यांनी दुसऱ्याच्या डोंग्याला धडक दिली, तीही डावीकडून. घरात येताना चौकटीला कपाळ लागलं. आईने हळद लावली आणि घाई कमी करा म्हणाली.

सप्टेंबरमध्ये ओढीचं जाळं टाकलं होतं. मोठ्या जाळ्याची दोन टोकं दोन्हीकडून ओढत आणतात, आणि जाळं मिटत येतं तेव्हा पाण्यावर कोणी बोलत नाही. आवाजाने मासा उसळतो. सगळं हाताच्या खुणांवर चालतं. हात वर म्हणजे थांबा, खाली म्हणजे ओढा. डाव्या टोकाला माझे चुलत काका होते, उजव्या टोकाला वडील. त्यांच्या टोकाला बुडालेलं खोड लागलं. त्यांनी हात वर केला. वडील ओढत राहिले. काकांनी दोन्ही हात वर केले. वडील ओढत राहिले. जाळं खोडावर फाटलं आणि अर्धे रोहू मासे निघून गेले.

काठावर आल्यावर काका म्हणाले, “हात काय मी बगळे हाकलाले वर केला होता का, भाऊ?”

सगळे हसले.

“तू मले दिसलाच नाई,” वडील म्हणाले.

काका त्यांच्यापासून वीस-पंचवीस हातांवर उभे होते आणि ऊन लख्ख होतं. ते उत्तर मग्रुरीचं धरलं गेलं. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं की म्हाताऱ्याला आता खुणा दाखवायच्या तर जवळ जाऊन पाया पडावं लागते. काका महिनाभर वडिलांशी बोलले नाहीत. वडिलांनीही आपल्याकडून विषय काढला नाही. त्यानंतर ते जाळ्याचं डावं टोक स्वतःकडे मागून घेऊ लागले, म्हणजे बाकीचे सगळे उजवीकडे राहतील. असं का करता, हे त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांना स्वतःला काय वाटत होतं, ते त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

दिवाळीत मी तीन दिवस घरी होतो. पहिल्याच दिवशी जेवताना डावीकडे ठेवलेली वाटी त्यांनी दोनदा मागितली. वाटी तिथेच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषध दाखवा म्हणालो. काकीने आदल्या दिवशीच नवी बाटली आणली होती. तिचं लेबल अजून शाबूत होतं. मी नाव वाचलं. मग फोनमधला केसपेपरचा फोटो उघडून त्यावरचं नाव वाचलं. मग परत बाटलीवरचं.

“बाबा, हे कोणाचं औषध होय?”

“माहंच. काहून?”

“कधीपासून टाकून राहिले?”

त्यांनी आठवलं. पाऊस लागायच्या सुमारास, म्हणाले. मग पुढे म्हणाले, “हे चांगलं हाय बाबू. पयलंवालं जळे.”

आम्ही अंगणात होतो. दहा वाजले होते, आकाशात ढग नव्हता. मी त्यांना उजवा डोळा हाताने झाकायला सांगितलं. त्यांनी झाकला. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि काय दिसतं विचारलं. त्यांनी मान थोडी वर केली, थोडी वळवली.

“आभाळ भरून आलं का?” त्यांनी विचारलं.

आई दारात होती. ती आत गेली.

दवाखाना सणाला बंद होता. दवाखान्याच्या फोनवर मिळालेल्या सांगण्याप्रमाणे ती बाटली त्याच क्षणी थांबवली आणि जुनं औषध पवनीहून आणून त्याच दिवशी सुरू केलं. दवाखाना उघडला तेव्हा डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून तारीख मिळाली ती दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारची. त्या दिवशी डाव्या डोळ्याचं प्रेशर सेहेचाळीस भरलं. डॉक्टरांनी बाटली हातात फिरवून पाहिली आणि ही कोणी दिली, असं विचारलं.

“हे त हिच्या कार्डावरचं,” वडील म्हणाले आणि आईकडे बोट केलं. आई खुर्चीच्या उजव्या बाजूला बसली होती, म्हणून त्यांना ती दिसत होती.

डॉक्टरांनी कोणालाही दोष दिला नाही. त्यांनी दोन थेंब लिहिले, सकाळ-संध्याकाळचे, आणि काही दिवसांच्या गोळ्या. बाटल्यांची लेबलं पारदर्शक चिकटपट्टीने गुंडाळून ठेवायला सांगितली. पाण्यात जाऊ नका म्हणाले. वडिलांनी किती दिवस, असं यावेळी विचारलं नाही.

डिसेंबरात उजव्या डोळ्याचं प्रेशर एकवीसवर आलं. तेव्हा नजरेच्या पसाऱ्याची चाचणी घेतली: अर्धगोल पांढऱ्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून समोर पाहायचं, कडेला ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. वडिलांनी भराभर बटण दाबलं. मशीन चालवणाऱ्या बाईने मध्येच थांबवलं. ठिपका नसतानाही बटण दाबलं जात होतं.

“बाबा, दिसल्यावरच दाबा,” ती म्हणाली.

“मले वाटलं तिकडेबी असंन,” वडील म्हणाले.

चाचणी परत घेतली. यावेळी त्यांनी बराच वेळ बटण दाबलंच नाही. कागद निघाला तेव्हा वरचा अर्धा भाग काळा होता आणि काळेपण मधल्या बिंदूच्या जवळ आलं होतं. मधला भाग पांढरा होता. डॉक्टर म्हणाले की एवढा पांढरा राखायचा आहे.

सोसायटीने त्यांना डोंग्यावरून उतरवलं. काका स्वतः घरी येऊन सांगून गेले. बसले, चहा घेतला, जाळ्याचा विषय निघाला नाही. जाताना ते वडिलांच्या उजव्या बाजूने उठले. आता वडील काठावर बसून फाटकी जाळी शिवतात. सुई ते अजून स्वतःच ओवतात. थेंब आई टाकते. दोन औषधांच्या मध्ये दहा मिनिटं ती मोबाईलवर पाहून सोडते.

या मार्चमध्ये दुसरी चाचणी झाली. वडिलांनी एकदाही चुकीचं बटण दाबलं नाही. बाईने ती विश्वासार्ह धरली. उजव्या डोळ्याचं प्रेशर सतरा होतं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. काळा भाग डिसेंबरपेक्षा मोठा होता, आणि आता खालूनही एक तुकडा आलेला होता. डॉक्टरांनी दोन्ही कागद पुन्हा पाहिले, प्रेशर पुन्हा मोजलं. ते सतराच भरलं. सतराही या डोळ्याला जास्त होत असावं, असं ते म्हणाले. त्यांनी तिसरं औषध लिहिलं, सहा आठवड्यांनी बोलावलं आणि याने थांबलं नाही तर ऑपरेशन करावं लागेल, असं सांगितलं.

तिसरं औषध शनिवारी सकाळी साडेसात वाजता सुरू झालं. पहिला थेंब गालावर गेला. दुसरा डोळ्यात पडला.