मुसळ थांबलं की

मुळशीत आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशीला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. नवा आंबेमोहर खळ्यावरून घरी आला, की ती थोडा भात भिजत घाली, भाजून काढी आणि गरम असतानाच उखळात कांडून त्याचे पोहे करी. मुसळ थांबलं, की लगेच आरोळी यायची, "या गं समद्याजणी! निवल्यावर आलात तर माझ्याशी गाठ हाय!"

आळीभर घमघमाट सुटायचा. बायका पदर पसरून उभ्या राहायच्या आणि मावशीच्या ओंजळीला काही धरबंधच नसायचा. "आनखी घे की! घरात माणसं हायेत न्हवं?"

एका वर्षी असं वाटता वाटता सूपच रिकामं झालं आणि नेमका तिचा नवरा शेतावरून भुकेला आला. वासानंच खुलला होता बिचारा. "आन् माझं पोहं कुटं?" मावशीनं सुपाकडं पाहिलं आणि जीभ चावली. आता दोघांची जुंपणार, म्हणून आम्ही पोरं श्वास रोखून उभी! पण तिनं पदर सावरला, त्याचं मुंडासं नीट केलं आणि "चला, पाव्हणं म्हून जाऊ" म्हणत त्याला थेट आमच्याच ओसरीवर आणून बसवलं.

आईनं हसू दाबत मघाशी पदरात घेतलेले तेच पोहे गूळखोबरं घालून दोघांपुढं ठेवले. मावशीनं एक घास घेतला, डोळे मिटले आणि नवऱ्याला कोपरानं ढोसत म्हणाली, "लई ग्वाड! घरी असं पोहं कवा मिळालं व्हतं का तुमाला?"